घाटात तापलेली सॅन स्टॉर्म आणि घरी इंजिन बांधायचा विचार

जुळे सोलापुरातल्या एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

«माझं वय ३६. बाबांनी २००५ साली पुण्याहून सेकंडहँड सॅन स्टॉर्म आणली होती. लाल, दोन सीटची, वरचं कापड मागे टाकता येतं अशी. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. यंदा मे महिन्यात नवी बॅटरी टाकून तुळजापूरला निघालो. घाटात काटा लाल पट्ट्यात गेला. थोडंच राहिलंय म्हणून तशीच वर नेली, शेवटी बोनेटमधून वाफ आली. आता गाडी सुरू होते पण थरथरते, मागून पांढरा धूर येतो, पाणी सारखं कमी होतं आणि ऑइलच्या झाकणाला आतून ताकासारखं काहीतरी लागतं. मेकॅनिक म्हणतात, याचे पार्ट मिळत नाहीत, भंगारातून दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून बसवू. मला मात्र हेच इंजिन घरी खोलून नव्याने बांधायचं आहे. स्कूटरचं इंजिन एकदा खोलून जोडलंय. आई म्हणते, त्यांची गाडी खिळखिळी करून ठेवशील. मेव्हणे हसतात. बाबांची एक वही आहे, पेट्रोल-ऑइलपासून सगळं लिहिलेलं. गड्ड्यापर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेपर्यंत, गाडी रस्त्यावर यावी असं मनात आहे. जमेल का? सुरुवात कुठून करू?»

तुमचं पत्र दोनदा वाचलं. जमेल. पण तुम्ही «इंजिन कसं बांधू» असं विचारलंय, आणि मला त्याआधी दुसरंच काही विचारायचं आहे: त्या दिवशी घाटात गाडी तापली कशामुळे? पत्रात याबद्दल एक ओळही नाही. इंजिनच्या कामात मी तीस वर्षं काढली. नव्या रिंगा, नवं पॅकिंग, नवी बेअरिंग टाकून बांधलेलं इंजिन महिन्याभरात पुन्हा पाणी खातं, तेव्हा दहातल्या नऊ वेळा पहिलं दुखणं तसंच राहिलेलं असतं. कुणी रेडिएटर बघितलेला नसतो, कुणी फॅन.

आजपासून ती गाडी सुरू करू नका. झाकणाला लागलेलं ताकासारखं म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. बेअरिंगमध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, पाणी मिसळलं की तो थर तुटतो. «जरा चालू करून बघू» म्हणत दर रविवारी पाच मिनिटं इंजिन फिरवलं, तर आज हेडपुरतं (इंजिनच्या वरच्या झाकणापुरतं) असलेलं काम क्रँकपर्यंत जाईल. ऑइल एखाद्या जुन्या पातेल्यात काढा. खाली पाणी वेगळं साठलेलं दिसलं तर मोजून ठेवा. पण काढून तसंच सहा महिने ठेवलं तर सिलिंडरला गंज धरतो, म्हणजे फार रेंगाळूही नका.

घाटात काय झालं असेल ते थोडं उलगडून सांगतो. तुमच्या गाडीत रेनॉचं ११४९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. सिलिंडर ज्यात असतात तो खालचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. एरवी दोघांमधलं पॅकिंग हा फरक सांभाळून घेतं. पाणी संपून हेड नको तेवढं तापलं की ते पसरायला बघतं, पण बोल्टांनी घट्ट धरलेलं असतं, मग मधोमध बाक येतो. पॅकिंगवरचा दाब एका जागी कमी होतो आणि तिथून सिलिंडरमधला जाळ पाण्याच्या वाटेत शिरतो, पाणी सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये. पांढरा धूर, पाणी कमी होणं, थरथर, ताक, तुमची चारही लक्षणं याच एका गोष्टीची असू शकतात. म्हणून पूर्ण इंजिन बांधायची गरज आहे का, हेच अजून ठरलेलं नाही. आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत हे हाफ इंजिनचं (क्रँकला हात न लावता, वरचं) काम असेल किंवा फुल इंजिनचं (क्रँकसकट सगळं). तुमचा उत्साह फुल इंजिनचा आहे हे दिसतंय. निकाल मात्र मापानं लागू द्या.

पहिलं माप कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो त्याचं. गेज विकत घ्या किंवा मागून आणा. चारही प्लग काढा, पेट्रोल आणि स्पार्कचं कनेक्शन तोडा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी बसवा (मेव्हण्यांना बसवा, ते गुंतले की हसणार नाहीत). प्रत्येक सिलिंडरला स्टार्टर चार-पाच सेकंद. हे माप खरं तर इंजिन गरम असताना घेतात, तुमचं थंड असताना घ्यावं लागेल, म्हणून आकडे थोडे कमी येतील. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १५० ते १८० पीएसआय दाखवतं, पण तुम्ही चौघांमधला फरक बघा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा तेच. तेल टाकल्यावर आकडा चांगला वर आला तर रिंगा झिजल्यात, कारण तेल रिंगांची फट भरून काढतं. आला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकसारखे पडलेले दिसले तर त्या दोघांमधलं पॅकिंग फुटलंय असं जवळजवळ धरून चाला.

आता बाबांची वही. पत्रातली ही गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं, कारण जुन्या गाडीचा असा हिशेब सहसा कुणाकडे नसतो. त्यात पाण्याच्या नोंदी शोधा. रेडिएटरमध्ये पाणी टाकल्याच्या तारखा आधी वर्षाला दोन आणि मग महिन्याला दोन, असा बदल कुठे दिसतो का? तसं असेल तर दुखणं तुळजापूरच्या घाटात सुरू झालेलं नाही, घाटात ते फक्त बाहेर आलं. आणि बाबा कोणतं पाणी टाकत होते? सोलापुरात बोअरचं पाणी किती जड आहे हे घरातल्या गीझरची कॉइल काढून बघितली की कळतं. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रेडिएटर बाहेरून चकचकीत दिसतो आणि आतून निम्मा बुजलेला असतो. तो काढून चांगल्या रेडिएटरवाल्याकडून उघडून घ्या, आणि यापुढे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.

रेडिएटरचं झाकण नवंच घ्या. ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आत एक बारचा दाब धरला तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि झाकणाची स्प्रिंग मेलेली असेल तर सोलापुरात ते शंभराच्याही किंचित आधी उकळायला लागतं. मे महिन्याची दुपार, चढ आणि मेलेलं झाकण एवढंच पुरे होतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नवा बसवा. आपल्याकडे «गरम प्रदेश आहे, काढूनच टाका» म्हणणारे पुष्कळ भेटतील, माझं मत ठाम विरोधात आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर लवकर झिजतो.

अजून एक शंका, आणि ती तुमच्या गाडीपुरतीच आहे. सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत करंट परत जायला सगळी बॉडीच असते, फायबरमधून तो जात नाही. म्हणून अर्थिंगच्या वायरींवर सगळा भार. दोन वर्षं शेडखाली उभ्या गाडीत त्या वायरींच्या टोकांना हिरवट गंज चढला असेल, तर फॅन फिरताना दिसतो पण जोर नसतो. बॅटरीवरून थेट दोन वायरी देऊन फॅन चालवा, मग गाडीच्या वायरिंगवर. आवाजात फरक पडला तर तुम्हाला घाटातल्या प्रश्नाचं उत्तर कदाचित मिळालंच.

एवढं झालं की हेड काढा. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो रात्रभर थांबलेलं. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करत. एका पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचा. बाकीच्या गोष्टींना घरातले श्रीखंडाचे डबे उत्तम, प्रत्येकावर चिठ्ठी. प्रत्येक पायप, प्रत्येक क्लिप काढायच्या आधी फोटो. आईंना ते डबे ओळीने मांडलेले दाखवा. गाडी खिळखिळी होण्याची त्यांची भीती मला रास्त वाटते, अर्धवट खोलून विसरलेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्यात. चिठ्ठ्या लावलेले डबे बघितले की त्या काळजीत थोडा तरी फरक पडेल.

हेड काढल्यावर एक सरळ पट्टी त्यावर उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पत्ती सरकवून बघा. सरकली तर हेड फेसिंगला, म्हणजे मशिनवर सपाट करायला, जाणार. तसंही मी ते दुकानात देऊन तडा आहे का ते दाबाखाली तपासून घेईन. खालचा अंदाज घ्यायला ऑइल चेंबर उतरवून एक कनेक्टिंग रॉडची कॅप काढा. बेअरिंगचा कवच एकसारखा राखाडी असेल तर नशीब चांगलं. त्यावर तांबूस रंग दिसला किंवा नखाला ओरखडा लागला, तर मात्र फुल इंजिन, आणि मग ते गाडीतून उतरवायचं.

उतरवताना शेडच्या पाइपाला चेन पुली टांगू नका. गिअरबॉक्ससकट तो बोजा शंभर किलोच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडचा अँगल त्यासाठी नसतो. इंजिन उचलायचा क्रेन दिवसाच्या भाड्यानं आणा. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, आणि त्याही चासिसखाली, फायबरच्या कडेला नव्हे. बॅटरी आधी सोडवा, पेट्रोलच्या पाइपातला दाब काढा, मुलांना त्या दिवशी शेडकडे फिरकू देऊ नका.

घरी काय करायचं आणि दुकानात काय, याची रेघ माझ्या मनात पक्की आहे. खोलणं, धुणं, मोजणं आणि बांधणं घरी. बोअर (सिलिंडर कापून मोठा करणं), होनिंग (तो आतून दगडानं घासणं), क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि व्हॉल्व्हच्या सीट मशिनवरच. ब्लॉक देताना एक गोष्ट मनावर घ्या: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू देऊ नका. हे मी नुकसान सोसून शिकलो. मित्राच्या प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक घाईघाईनं एका दुकानात टाकला, साईज तोंडी सांगितली, पिस्टन आठवड्यानं आणले. डब्यावर लिहिलेली साईज बरोबर होती, पण मायक्रोमीटर लावला तर पिस्टन काही शंभरांश मिलिमीटरनं लहान. दुकानदारानं हात वर केले. ती गाडी पुढे कायम सकाळी थंड असताना खडखडायची, आणि ती खडखड ऐकली की मला अजून वाईट वाटतं. चांगला बोअरवाला स्वतःच विचारतो, «पिस्टन कुठाय?» तो प्रश्न न विचारणाऱ्याकडे काम देऊ नका. तुमच्या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९ मिलिमीटरचा आहे. त्याला ओव्हरसाईज पिस्टन मिळतात की नाही हे कळल्याशिवाय तर ब्लॉक दुकानाच्या पायरीवरही नेऊ नका. नुसतं होनिंग आणि नव्या रिंगा एवढ्यावर भागलं तर आनंद माना.

पार्ट मिळत नाहीत हे मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. गाडीच्या नावानं मिळणार नाहीत. पण रेनॉनं हेच डी७एफ इंजिन परदेशात ट्विंगो आणि क्लिओमध्येही बसवलं होतं. त्यामुळे इंजिनवर कोरलेला प्रकार आणि नंबर वाचून, इंजिनच्या नावानं शोधा. हेड पॅकिंगचा सेट, नवे हेड बोल्ट, टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप हे लागणारच, आधी मागवले तरी चालेल. रिंगा आणि बेअरिंगची मागणी मापं झाल्यावरच द्या.

आणि भंगारातलं इंजिन? मी टाकणार नाही. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. वेगळं इंजिन बसवायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. शिवाय माउंटिंग, वायरिंग, एक्सल सगळंच जुळवत बसावं लागेल, आणि त्या इंजिनचा पूर्वेतिहास कुणाला माहीत? तुमच्या इंजिनचा इतिहास तुमच्याकडे वहीत लिहिलेला आहे. तसंही गाडीला पंधरा वर्षं उलटून गेलीत, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आत्ताच आरसीवर बघून घ्या.

आता स्वच्छता. यावर मी नेहमीच जरा जास्त बोलतो. होनिंग होऊन आलेला ब्लॉक दिसतो स्वच्छ, पण दगडाची बारीक भुकटी सिलिंडरच्या रेषांत रुतून बसलेली असते. पेट्रोलनं किंवा रॉकेलनं पुसलं तर तेल निघतं, भुकटी राहते. ब्लॉक न्हाणीघराशेजारी फरशीवर घ्या. कडकडीत गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि बाटली घासायचा ब्रश. सिलिंडर घासा, ऑइलच्या बारीक वाटा लांब ब्रशनं घासा, पाणी ओता, पुन्हा घासा. मग पांढऱ्या कपड्यावर थोडं ऑइल घेऊन सिलिंडरच्या आतून फिरवा. कपडा करडा झाला तर परत धुवा. मला पहिल्यांदा हे सहा वेळा करावं लागलं होतं. सातव्या वेळी कपडा पांढरा आला. धुतल्यावर लगेच कोरडं करून ऑइल चोपडा, कारण उघडं बीड दहा मिनिटांत तांबूस व्हायला लागतं.

कपडा कोणता, हे सोलापूरकराला मुद्दाम सांगायला हवं. आपल्या घरात टर्किश टॉवेलांची रास असते, हात सहज तिकडे जातो. इंजिनजवळ टॉवेल आणू नका. त्याचे तंतू सुटतात, ऑइलबरोबर वाहत पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. पार्ट चादरीवरही मांडू नका. अनेक धुण्यांत विरलेलं जुनं सुती धोतर फाडून घ्या, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि वाऱ्याच्या दिवशी बांधणी करू नका, पत्र्यावरून धूळ थेट आत येते. हवा स्थिर असेल अशा सकाळी बसा.

बांधताना घाई न करता हाताळायच्या दोन जागा सांगतो. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननं उलटं दाबून इंचभर खाली सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. तुमच्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर यायला हवी. फट फारच कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते. दुसरी जागा हेड बोल्टांची भोकं. ब्लॉक धुतला की त्यांत पाणी साठतं, वरून दिसत नाही. तसाच बोल्ट आवळला तर खालचं पाणी दाबलं जात नाही, जायला वाट नसते, आणि ब्लॉकला तडा जातो. प्रत्येक भोकात कपड्याची वळी घालून फिरवा, ती कोरडी येईपर्यंत. मग बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं (मोजून जोर देणाऱ्या पान्यानं), दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेल्या अंशांपर्यंत. टॉर्क रेंच उधार मिळाला नाही तर विकत घ्या, हा खर्च टाळू नका. रॉडच्या कॅपा एकमेकींत बदलू देऊ नका, काढतानाच मार्करनं नंबर घाला.

टायमिंग बेल्ट चढवला की स्टार्टरला हात लावू नका. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं पूर्ण दोन फेरे द्या. कुठे अडलं तर जोर करू नका, थांबा, खुणा पुन्हा बघा. मग प्लग न लावता स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर प्लग. सुरू झालं की उभ्या गाडीत तासभर सोडून देऊ नका. पाणी-ऑइल गळत नाही ना, फॅन लागून पुन्हा बंद होतो ना, एवढं बघून रस्त्यावर काढा. पहाटे अक्कलकोटच्या सपाट रस्त्याला जा. वेग बदलता ठेवा, तीन हजारांच्या आसपास आरपीएम, कधी हलका जोर, कधी पाय काढलेला. रिंगा अशाच बसतात. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. तुळजापूरचा घाट त्यानंतर.

गड्ड्याची तारीख मात्र मनातून काढा. संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या गर्दीत नवं बांधलेलं इंजिन पावलांच्या वेगानं चालवणं म्हणजे त्याची सगळ्यात वाईट परीक्षा, वारा नाही आणि सगळा भार फॅनवर. तारीख ठरवली की माणूस सातव्यांदा ब्लॉक धुवत नाही.

या रविवारी फक्त तीन गोष्टी करा: ऑइल काढा, कॉम्प्रेशन घ्या, वही वाचा. चारही सिलिंडरचे कोरडे आणि तेल टाकल्यानंतरचे आकडे, आणि वहीतल्या पाण्याच्या तारखा मला कळवा. हेडचा पहिला बोल्ट त्यानंतर ढिला करू.